हातांचे शिक्षण
आमच्या धर्मादाय रुग्णालयाच्या अंदाजपत्रकातून परिचारिकांच्या प्रगत हृदय-जीवनरक्षण प्रशिक्षणाचा खर्च वगळावा, असे मीच सुचविले होते. संगणकावर शिकता येते, मग प्रत्यक्ष वर्ग कशाला? अतिदक्षता विभागात परिचारिका असलेली भाची म्हणाली, "मामा, एकदा येऊन पाहा."

गेलो. पुतळ्याच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० दाब, किमान ५ सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत धडधाकट तरुण घामाघूम. मग माणूस बदलायचा, तोही १० सेकंदांच्या आत. पडद्यावरील रेषा सपाट असल्यास विजेचा झटका निरुपयोगी (चित्रपटांत नेमका तेव्हाच देतात!). प्रमुखाने सांगितलेले औषध परिचारिकेने मोठ्याने उच्चारायचे, दिल्यावर पुन्हा सांगायचे. रोकड देताना आम्हीही रक्कम अशीच उच्चारीत असू. ती सवय पुस्तकाने लावली नव्हती.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षे. येत्या सभेत माझी सूचना मी मागे घेणार आहे.