लेकराला आधी पाणी मागता येऊ द्या

परवा लातूरला धाकट्या भावाकडं गेलो होतो. त्याचं लेकरू दोन वर्षं पाच महिन्यांचं. मी चप्पल काढतो न काढतो तोच भावानं त्याला समोर उभं केलं. "मोठ्या बाबांना टेनपर्यंत म्हणून दाखव." पोरानं म्हटलं. वन, टू, थ्री... कार्टूनमधल्या बाईच्या आवाजात. मग रेड, ब्लू, येलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अर्ध्या तासानं तेच लेकरू माझं बोट धरून ओढायला लागलं. "काय पाहिजे बाबा?" तोंडातून शब्द नाही. नुसतं ऊं ऊं. ओढत ओढत माठापाशी नेलं. तहान लागली होती. दहापर्यंत आकडे म्हणणाऱ्या पोराला 'पाणी' म्हणता येत नव्हतं.

भावजयीला विचारलं, तुम्ही घरात याच्याशी बोलता काय? ती म्हणाली, "प्ले ग्रुपच्या मॅडमनं सांगितलंय, घरी मराठी बोलू नका, लेकरू कन्फ्यूज होतं. मला इंग्रजी येत नाही भाऊजी. मग मी काय बोलू? मोबाइल लावून देते, त्यात इंग्रजी असतं."

हे वाक्य ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बारावी झालेली, तोंडाची फटकळ, माहेरी दहा जणींत गप्पा मारणारी बाई स्वतःच्या लेकराशी गप्प बसली आहे. कारण कुणीतरी तिला सांगितलं की तिची भाषा लेकराला नडते. आणि या सल्ल्यासाठी आपण वर्षाची फी भरतो! शाळेचं नाव लिहीत नाही. अशा शाळा लातुरात आहेत, नांदेडातही आहेत, गल्लोगल्ली आहेत.

लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे. खेड्यातली पोरं त्याच्या जोरावर डॉक्टर झाली. पण तो पॅटर्न दहावी-बारावीचा होता. आपण तो ओढत ओढत पाळण्यापर्यंत आणला. नीटची तयारी आता लेकराच्या दुधाच्या दातांपासून सुरू व्हायची तेवढी राहिली.

साधी गोष्ट आहे. लेकरू वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतं. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द येतात आणि दोन शब्द जोडून बोलायला लागतं. 'आई ये', 'दूध दे'. हे शब्द पाठांतरानं येत नाहीत. लेकरू बोट दाखवतं, आपण म्हणतो "म्हैस हाय ती, बघ कशी रवंथ करायली", लेकरू 'म्हस' म्हणतं, आपण हसतो, ते पुन्हा म्हणतं. ही देवाणघेवाण आहे. मोबाइल नुसता बोलतो, ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला स्क्रीन नको, आणि त्यानंतरही दिवसाला एका तासाच्या वर नको. आपल्याकडं एका जेवणाला एक तास लागतो, आणि तो सगळा मोबाइलवर.

आणि दोन भाषा कानावर पडल्यानं लेकरू गोंधळत नाही. आपल्यालाच हे माहीत नसावं, याचं हसू येतं. देगलूर-बिलोलीत घरात तेलुगू आणि दारात मराठी. उदगीर-देवणीकडं कानडी. नांदेडच्या गल्ल्यांत उर्दू. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी, किनवटला गोंडी, कोलामी. पिढ्यान् पिढ्या आपली लेकरं दोन-तीन भाषा खेळता खेळता उचलतात. गोंधळ भाषेनं होत नाही. घर मुकं झाल्यावर होतो.

इंग्रजीशी माझं वैर नाही. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत आहे, लपवत नाही. पण अडीच वर्षांच्या लेकराला 'का करूलालास?' विचारणारी आजी गावंढळ आणि यूट्यूबवरची बाई शिकवणारी, हा हिशेब मला मान्य नाही.

आता वागण्याचं. कारण बोलणं आणि वागणं लेकरू एकाच तोंडाकडं बघून शिकतं. आपल्याकडं पहिले धडे काय असतात? लेकरू दगडाला ठेचकाळलं की आपण दगडाला चापट मारतो. "हात रे दगडा!" म्हणजे चूक कुणाची तर दुसऱ्याची, आणि उपाय काय तर हाणायचं. जेवत नसलं की बागुलबुवा, पोलीस, नाहीतर सुईवाला डॉक्टर. नंतर तेच लेकरू दवाखान्यात आकांत करतं तेव्हा आपणच म्हणतो, लय भित्रं आहे हो. आणि सगळ्यात लाडका खेळ म्हणजे बोबड्या बोलात शिवी. "मामाला शिवी दे, दे बरं!" लेकरू देतं, अख्खं अंगण हसतं. वर्षभरानं पाहुण्यांसमोर दिली की थोबाडीत. त्या लेकरानं काय समजायचं? काल बक्षीस होतं, आज मार. मीही माझ्या पोरीच्या वेळी यात हसलो आहे, म्हणून लिहितोय.

सरकारचं बघा. पहिलीपासून हिंदीचा जीआर 16 एप्रिल 2025 ला निघाला, जूनमध्ये बदलला, 29 जूनला मागे घेतला. त्या काळात मी रोज बातम्या दिल्या. मोर्चे, इशारे, भाषिक अस्मिता. विरोध बरोबरच होता. पण सहा वर्षांच्या लेकरासाठी एवढं रान पेटवणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की ते लेकरू दोन वर्षांचं असताना त्याच्याशी कोण बोलत होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा पायाभूत टप्पासुद्धा तिसऱ्या वर्षापासून. केंद्रानं 2024 मध्ये शून्य ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. चांगला आहे. राबवणार कोण, तर अंगणवाडी ताई. जिच्यासाठी केंद्रानं ठरवलेलं मानधन 2018 मध्ये साडेचार हजार रुपये झालं. पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, सगळं करून तिनं घरोघरी जाऊन आईला सांगायचं की लेकराशी बोला. 2021 मध्ये या ताईंनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, ही तक्रार होती. लेकरांना बोलतं करायचं जिच्याकडून, तिच्याशीच सरकार तिच्या भाषेत बोलत नव्हतं.

ही अंगणवाडी कल्पना मुळात कुठली? ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची लेकरं बालवाडीत येईनात, तर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास तांडे रिकामे होतात, दोन वर्षांचं लेकरू आईबापासोबत फडात जातं. वाढ्यांच्या सावलीत ते दिवसभर पडून असतं. त्याच्या कोपीपर्यंत अंगणवाडी गेली पाहिजे, हे कुणाच्या जाहीरनाम्यात वाचलंय तुम्ही? मी तरी नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण कमेंटमध्ये लगेच आईवर खापर फुटेल. लेकरू उशिरा बोलतंय म्हणजे आईचं चुकलं असं नसतं. आणि दर वेळी मोबाइलच कारण असतो असंही नसतं. कान अधू असू शकतात, आणखीही काही असू शकतं. "बापही उशिराच बोलला होता" म्हणून वर्ष घालवू नका. दोन वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं, वाढीतला उशीर बघणं हे त्याचं काम आहे, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पथक तुमच्या गावात आलं का, ते ताईला विचारा. आलं नसेल तर मला कळवा, बातमी मी करतो.

भावाशी त्या रात्री भांडण झालं. तो म्हणाला, "दादा, तुझी पोरगी इंग्रजीत शिकायली अन् मला मराठीचं ज्ञान पाजळायलास." खरं आहे, मला उत्तर सुचलं नाही. भावजय मात्र उठली, पोराला काखेत घेतलं आणि गच्चीवर गेली. बराच वेळ तिचा आवाज येत होता, तिच्या माहेरच्या बोलीत. चांदोबा, शेजाऱ्याचं कुत्रं, वाळत घातलेली कुरडई.

शुक्रवारी कानाची तपासणी आहे. भाऊ सुट्टी टाकायला तयार नव्हता, मी तोवर लातूर सोडणार नाही म्हटल्यावर त्यानं टाकली.