नाण्यातून कागदावर उतरलेले देव

अब्राहम ऑर्टेलियस आपल्याला माहीत असतो तो १५७० सालच्या नकाशासंग्रहामुळे. पण अँटवर्पच्या या गृहस्थाला जुन्या नाण्यांचाही नाद होता. त्या नादातून १५७३ मध्ये एक देखणं पुस्तक निघालं: त्याच्याच संग्रहातल्या नाण्यांवरून काढलेली प्राचीन देवदेवतांची मुखं. प्रकाशक फिलिप्स गाले, स्वतः तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरण्यात मुरलेला.

रोमन देनारियस म्हणजे जेमतेम आपल्या जुन्या चार आण्याएवढं नाणं. शेकडो हातांतून फिरून देवीचं नाक सपाट झालेलं, शिरस्त्राणाचा तुरा अर्धा गेलेला. ते मोठं करून कोरायचं, म्हणजे झिजेत हरवलेलं अंदाजानेच भरायचं. शिवाय पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं. उजवीकडे पाहणारा देव जसाच्या तसा कोरला, की छापताना डावीकडे तोंड फिरवतो!

तरी त्या काळच्या अभ्यासकांना नाण्यांचा आधार मोठा वाटे, कारण चेहऱ्याशेजारी बरेचदा अक्षरं असत. हात तुटलेला निनावी पुतळा ओळखायचा कसा? हा भरवसा जरा भाबडाच म्हणायचा. त्याच शतकात पाडुआचा जोव्हान्नी दा काव्हिनो रोमन नाण्यांच्या इतक्या सफाईदार प्रतिकृती पाडत होता, की पुढे भलेभले संग्राहक फसले.

या अंकातला मुख्य लेख अशाच छापचित्रांवर आहे. वाचताना भिंग जवळ असू द्या. गालावरच्या बारीक समांतर रेघा जिथे कानाशी दाट होतात, तिथे जरा थांबा.