उकळते पाणी आणि वाफ

चातुर्मासात घरोघरी पाणी गाळून, उकळून घेतले जाते. परंतु ते नेमके किती अंशांवर उकळते, याकडे क्वचितच लक्ष जाते. १०० अंश सेल्सिअस हे माप समुद्रसपाटीचे. बालाघाटच्या पठारावर सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या लातुरात पाणी ९८ अंशांच्या आसपास, तर गोदाकाठच्या नांदेडात ९९ अंशांच्या जवळ उकळते. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातील पाणी अधिक तापत नाही, केवळ लवकर आटते. गॅस मात्र व्यर्थ जळतो.

वाफेला ही मर्यादा नाही. पाण्यापासून अलग करून तापवीत गेल्यास तिचे तापमान चढतच राहते. मांजरा खोऱ्यात उसाच्या चिपाडावर वीज निर्माण करणाऱ्या साखर कारखान्यांत टर्बाइनकडे जाणारी वाफ ४०० अंशांच्याही पुढे असते. ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरे दिसतात ते निवून बनलेले जलकण.

घरच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी आणि वाफ दोन्ही १२० अंशांच्या घरात पोहोचतात, म्हणूनच तूरडाळ लवकर शिजते. चटका मात्र वाफेचाच भारी. १०० अंशांवरील एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. तितकेच उकळते पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना जेमतेम ६३. दाब पूर्ण उतरल्यावाचून कुकरचे झाकण काढू नये. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.