पुतळा नको, नोंदवही द्या

प्रति,
इंटरनेट आर्काइव्ह,
फन्स्टन अ‍ॅव्हेन्यू, सॅन फ्रान्सिस्को.



हे पत्र मराठीत लिहितो आहे, त्याला कारण तुम्हीच. २०२० पर्यंत तुमच्या डिजिटल ग्रंथालयात मराठी पुस्तक चढवलं, की त्याच्या माहितीत शेरा पडायचा : या भाषेची अक्षरं यंत्राला ओळखता येत नाहीत. त्या वर्षाच्या अखेरीस तुम्ही विकतचं सॉफ्टवेअर सोडून टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलंत आणि तुमचं यंत्र देवनागरी वाचू लागलं. त्यामुळे हे पत्र छापून आलं, कुणी तो अंक स्कॅन करून तुमच्याकडे ठेवला, तर तुम्हाला ते वाचता येईल. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, पण ते आमचंही चुकतं.

विषय मात्र मराठी पुस्तकांचा नाही. जुन्या संगणक मासिकांचा आहे, आणि सुरुवात माझ्या एका पापापासून करायला हवी.

१९८०च्या दशकात वडील कामासाठी मुंबईला गेले, की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून ‘बाइट’ या अमेरिकन मासिकाचे जुने अंक आणायचे. काही अंक पाचशेहून अधिक पानांचे, विटेसारखे जड. वर रॉबर्ट टिनी यांनी रंगवलेली मुखपृष्ठं. घरात संगणक नव्हता. तो कसा दिसतो, काय किमतीला मिळतो, त्याला काय काय जोडता येतं, हे आम्ही त्यातल्या जाहिराती वाचून शिकलो. सप्टेंबर १९७५ला निघालेलं ते मासिक जुलै १९९८च्या अंकानंतर बंद पडलं. आमचा गठ्ठा माळ्यावर गेला.

दहा-बारा वर्षांपूर्वी माळा आवरताना मला हुरूप आला. एका अंकाला कसर लागली होती, तो आधी घेतला. बाइंडरकडे नेऊन पाठीची कड कापून घेतली आणि सुटी पानं स्कॅनरला भरवली. मुखपृष्ठ फाटकं होतं, ते बाजूला ठेवलं. पूर्ण पानाच्या जाहिराती वगळल्या, म्हटलं यात वाचायचं काय! फाइल लहान व्हावी म्हणून सगळं काळ्या-पांढऱ्यात, सर्वात कमी आकाराची खूण करून. नाव दिलं ‘बाइट जुना ३ फायनल’. तुमच्या सामुदायिक दालनात चढवला, आणि सुटी पानं त्याच रविवारी रद्दीत गेली.

तीन वर्षांनी सहज पाहिलं, तर खाली एका परदेशी वाचकाचा अभिप्राय होता. अंक कोणत्या महिन्याचा, ते त्याने सांगितलं होतं. कसं ओळखलं म्हणून फाइल उघडली. महिना पानापानाच्या तळाशी छापलेला होता! पुढे त्याने लिहिलं होतं, की शेवटच्या पानांतली जाहिरातदारांची सूची पाहिली तर कोणाची जाहिरात कोणत्या पानावर होती ते कळतं. त्यावरून किती पानं गहाळ आहेत ते त्याने मोजलं होतं. ती सूची मजकुराची म्हणून मीच ठेवली होती. आता ती माझ्या पापाची यादी आहे.

हे सांगण्याचं कारण असं, की तुमच्याकडच्या संगणक मासिकांची कपाटं बरीचशी माझ्यासारख्यांनीच भरलेली आहेत. कुणी अटारीवाला, कुणी कमोडोरवाला, कुणी इंग्लंडातल्या ‘क्रॅश’ आणि ‘झॅप!६४’वर वाढलेला. काहींनी इंचाला सहाशे ठिपक्यांवर, पानामागे काळा पुठ्ठा धरून, मागच्या बाजूची छपाई पुढे उमटू न देता काम केलं आहे. काहींनी माझ्यासारखं. तुम्ही दोघांनाही सारखंच आत घेतलंत. यात तुमचं मोठेपण आहे आणि अडचणही.

पुस्तक एकटं राहू शकतं, मासिक नाही. ‘कॉम्प्यूट!’चंच घ्या. त्याचा ऑक्टोबर १९८३चा अंक म्हणजे खंड ५, अंक १० आणि त्याच वेळी सलग क्रमांक ४१. एक जण महिना लिहितो, दुसरा खंड, तिसरा नुसता ४१. तिघांनी तीन प्रती चढवल्या, की शोधणाऱ्याला ते तीन वेगळे अंक वाटतात. शिवाय फाइलींची नावं नुसत्या आकड्यांनी दिली असली, की यादीत दहा येतो दोनच्या आधी.

आणि त्या अंकांत असे काय? त्या काळी वाचक मासिकातला प्रोग्राम बघून बघून संगणकावर टाइप करत. एक स्वल्पविराम चुकला, की रात्र वाया. म्हणून ऑक्टोबर १९८३मध्येच ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’ आला : ओळ टाइप केली की पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसे, तो छापलेल्या आकड्याशी जुळला तर ओळ बरोबर. दोन महिन्यांनी त्याचा मोठा भाऊ एमएलएक्स आला. जानेवारी १९८४मध्ये भगिनी मासिक ‘कॉम्प्यूट!ज गॅझेट’ने चार्ल्स ब्रॅनन यांचा ‘स्पीडस्क्रिप्ट’ हा लेखनाचा आख्खा प्रोग्राम नुसत्या आकड्यांच्या ओळी म्हणून छापला, आणि लोकांनी तो घरी बसून टाइप केला. जेमतेम पाच किलोबाइट. आज फोनवरचं ‘शुभ सकाळ’चं चित्र त्याहून जड असतं.

आधीच्या अंकाशिवाय पुढचा नीट कळत नाही, तो असा. छापताना चुकाही व्हायच्या. त्या दुरुस्त करायला ‘कॉम्प्यूट!’मध्ये सदर होतं, त्याचं नावच ‘कॅप्यूट!’, म्हणजे बिघडलेलं. ‘बाइट’मध्ये ‘बाइट्स बग्ज’. एका अंकातली चूक, पुढच्या एखाद्या अंकातली तिची दुरुस्ती, त्यानंतर त्यावर आलेलं वाचकाचं पत्र : ही साखळी म्हणजे मासिक. तुमच्याकडे कड्या सगळ्या आहेत, पण सुट्या.

त्यात स्कॅनिंगचे घोटाळे. यंत्र शून्याला ओ वाचतं, आठाला बी. लेखात ते चालून जातं, आकड्यांच्या ओळींत नाही. त्याहून वाईट गोष्ट डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३मध्ये दाखवली. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रांवर स्कॅन केलेल्या एका नकाशात खोल्यांची क्षेत्रफळंच बदलली होती. तीन खोल्या, तीन वेगळे आकडे. प्रतीत तिन्हींवर १४.१३. फाइल लहान करताना यंत्र सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. पान पुसट झालं तर डोळ्याला कळतं. इथे पान स्वच्छ होतं आणि खोटं होतं. मीही ‘सर्वात कमी आकार’ निवडताना असलंच काही केलं असेल का, ते आता तपासता येत नाही. कागद गेला.

नोंद चुकली की काय होतं, हा धडा मराठी माणसाला तुमच्याच दुसऱ्या दालनातून मिळालेला आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची लाखो पुस्तकं तुमच्याकडे आहेत. ‘इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५’ आणि पुढे एक लांब आकडा, अशी त्यांची ओळख. मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत, तीही कोणी कशी ऐकली तशी. त्यात ण आणि न एक होतात, ळ आणि ल एक होतात. पुस्तक तुमच्याकडे असतं आणि सापडत नाही. वाचकाच्या लेखी याचा अर्थ एकच : नाही.

उलट, शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९५०पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. त्यांच्याजवळ ना सर्व्हर, ना स्कॅनर. पण पुढची प्रत्येक पिढी ‘दाते सूची’ उघडूनच कामाला लागली, कारण पुस्तक हाती नसलं तरी ते होतं, हे तिथे लिहिलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं, तर अंक जमवणं झालं, आता नोंदवही उघडा.

तुमच्या सध्याच्या रीतीप्रमाणे नोंद दुरुस्त करता येते ती चढवणाऱ्याला किंवा तुमच्या अधिकाऱ्यांना. बाकीच्यांना खाली अभिप्राय लिहिता येतो. माझ्यासारखा चढवणारा तीन तीन वर्षं फिरकत नाही आणि जाणकार माणूस बाहेर उभा राहतो. ज्यांनी वर्षानुवर्षं नीट काम करून दाखवलं आहे, त्यांना एकेका मासिकाची जबाबदारी द्या. महिना, खंड, सलग क्रमांक भरण्याचा हक्क त्यांना असू दे. कुणी काय बदललं ते नावानिशी दिसू दे आणि चुकलं तर मागे घेता येऊ दे. भांडणं होतील, मान्य. तारखेवरून भांडणारी माणसं असलेला संग्रह, तारखाच नसलेल्या संग्रहापेक्षा बरा.

एका अंकाची एकच मूळ नोंद ठेवा आणि तिच्याखाली सगळ्या प्रती लावा. दुहेरी म्हणून कोणतीही उडवू नका. एकीत मुखपृष्ठ शाबूत असतं, दुसरीत मधलं घडीचं पान, तिसरीत वाचकांसाठी शिवलेलं उत्तरपत्र. अंकासोबत आलेली चकतीही त्याच नोंदीला बांधा. आज ती सॉफ्टवेअरच्या दालनात असते आणि अंक पुस्तकांच्या. आमच्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण फोनच्या तारेवरून मोठी फाइल उतरवताना बिलाचा आकडा डोळ्यांसमोर नाचे. त्या दिवसांत ‘पीसीक्वेस्ट’ने वाचकांना सीडीवर लिनक्स दिलं. अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते त्या चकतीतून. त्या अंकातून चकती वेगळी काढली, तर उरतात नुसत्या सूचना.

प्रत्येक नोंदीत ‘काय नाही’ यासाठी एक रकाना हवा. अंकाची एकूण पानं किती, इथे किती, कोणती गहाळ, जाहिराती आहेत की काढल्या. हा रकाना मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी चढवताना एवढंच कुणी विचारलं असतं, तर मी पानं मोजली असती. आणि मोजली असती, तर रद्दीवाल्याला हाक मारली नसती. तुम्ही मिळालेल्या मूळ प्रतिमा जपून ठेवता हे मला ठाऊक आहे. पण माणूस आधीच पिळून काढलेली फाइल घेऊन आला, तर जपायला उरतं काय? म्हणून प्रश्न दारातच विचारा, आणि त्यासोबत एक वाक्य दाखवा : कागद अजून टाकू नका.

राहिला कायदा. सप्टेंबर २०२४मध्ये अपील कोर्टाने पुस्तक उसनं देण्याच्या तुमच्या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये हल्ला होऊन तुमची सेवा कित्येक दिवस बंद राहिली आणि तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. मासिकांचे हक्कही कुणाकुणाकडे जिवंत आहेत. उद्या एखादा मालक उभा राहिला, तर अंक काढावा लागेल. तो काढा, पण नोंद काढू नका. अमुक महिन्यात अमुक पानांचा अंक निघाला, त्यात अमुक लेख होते, ही माहिती कुणाच्या मालकीची नसते. आणि ही नोंदवही आख्खी उतरवून घेता येऊ दे, म्हणजे तिची एक प्रत पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयात राहील, एक लंडनमध्ये, एक कुणाच्या तरी कपाटात.

तुमची इमारत पूर्वी चर्च होती. प्रार्थनेच्या बाकांवर तुमच्या सेवकांचे भाजक्या मातीचे लहानसे पुतळे उभे आहेत. तीन वर्षं काम केलं, की पुतळा घडतो. कल्पना मला फार आवडली. आम्हा बाहेरच्या हौशी लोकांना मात्र पुतळा नको. फक्त नोंदवहीत हात घालू द्या.

माझ्याकडे अजून अडीच फूट उंचीचा गठ्ठा आहे. रविवारी खालून ‘पेप्पर रद्दीऽऽ’ अशी हाक आली, की घरातले माझ्याकडे बघतात. मी पानं मोजतो आहे. आणि त्या जुन्या फाइलीच्या माहितीत आता महिना, वर्ष लिहून पुढे एवढंच घातलं आहे : मुखपृष्ठ नाही, जाहिराती मी काढल्या, मूळ प्रत शिल्लक नाही.



आपला,
एक हौशी स्कॅनवाला