रंगाचे देशीपण

‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात रघुबीर सिंग यांनी रंग हा भारतीय दृष्टीचा सहजधर्म, तर कृष्णधवल हा पाश्चात्त्य आधुनिकतेतील परात्मतेचा वारसा, अशी मांडणी केली. शैलींची तुलना याच विभागणीवर उभारणारी समीक्षा छायाचित्राकडे न पाहता फिल्मकडे पाहते. सिंग यांची स्वतःची चौकट काय करते? ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’मध्ये (१९९४) आरसे आणि काचा तिला दुभंगतात, आतले व बाहेरचे एकमेकांवर आदळते, गर्दीला केंद्र उरत नाही. ही दृष्टी आधुनिक महानगराचीच आहे. लघुचित्रपरंपरेचा दाखला तेथे अपुरा पडतो. (रघू राय यांनी तर दोन्ही माध्यमे हाताळली, त्यांचे भारतीयत्व निम्मे धरायचे काय?)

याउलट, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जग कृष्णधवलात टिपले. तेथे कॅमेरा घाणीत उतरलेल्या माणसाच्या निकट, त्याच्याच पातळीवर उभा राहतो. हे श्रम जातिव्यवस्थेने लादलेले, म्हणजे अस्सल देशीच. मग त्यांचे चित्रण केवळ रंगाअभावी परके कसे ठरते, याचे उत्तर रंगवादी समीक्षेने द्यावे.