भंगारवाल्याला जरा थांबवा

देवळाली म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिकची छावणी आठवते. आमची देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातली. साखर कारखाना, कृषी विद्यापीठ, सोसायट्या, पतसंस्था सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कागद काळे करणारी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या. अशाच एका कचेरीच्या लिलावातलं इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर माझ्याकडे आलं, तेही वजनावर. तुमच्याही माळ्यावर किंवा कपाटाखाली तसं एखादं असेल. ‘बिघडलंय’ म्हणून ते भंगारात घालणार असाल, तर माझ्यासाठी दोन रविवार थांबा.

गोदरेजचं जुनं लोखंडी टाइपरायटर वेगळं. १९५५ साली पहिल्यांदा तयार झालेल्या त्या यंत्रात तुमच्या बोटाचा जोर थेट कागदावर जायचा. इलेक्ट्रॉनिक यंत्र १९७८च्या सुमारास ऑलिव्हेट्टीसारख्या कंपन्यांनी बाजारात आणलं. त्यात बोट आणि अक्षर यांची गाठच पडत नाही. कळ दाबली की आतल्या चिपला निरोप जातो, सूर्यफुलासारखं एक प्लास्टिकचं चक्र फिरून हवी ती पाकळी वर आणतं आणि मागून हातोडी बसते. या चक्राला डेझी व्हील म्हणतात. फिरणं आणि ठोकणं डोळ्यांना दिसेपर्यंत अक्षर उमटलेलंसुद्धा असतं.

ही यंत्रं वापरून झिजण्याऐवजी पडून राहिल्यानं आजारी पडतात. ग्रीस वाळतं, रबर कडक होतं, धूळ बसते. आपल्याकडचा उन्हाळा आणि उसाच्या गाड्यांची धूळ यांत कुठलं यंत्र तग धरेल?

सगळ्यात मोठी चूक उत्साहाच्या भरात होते. यंत्र सापडलं की आपण आधी प्लग खुपसतो. असं करू नका. पाठीमागची पट्टी वाचा. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेलं यंत्र १२० व्होल्टचं असलं, तर आपल्या २३० व्होल्टवर त्याचा ट्रान्सफॉर्मर धूर सोडून मोकळा होईल. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, तांब्याची तार गुंडाळू नका. ही सवय आपल्या गावातून जायलाच हवी. आणि पहिल्यांदा वीज देताना वायरमनकडचा सिरीज बोर्ड वापरा. साध्या जुन्या बल्बमधून वीज आली की आत शॉर्ट असल्यास बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. बल्ब एकदा चमकून मंद झाला, तर बहुधा पुढे जायला हरकत नाही.

उघडताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. शिवाय वीजपुरवठ्याच्या भागातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवतात, तिथे बोट घालू नका. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. चपटी रिबनसारखी केबल वाकडी ओढली की तुटते. आत स्मृतीसाठीची छोटी बॅटरी असेल आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरा थर दिसला, तर ती गळली आहे. नवशिक्यानं तिथे थांबून टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलवावं.

यंत्र चालू केल्यावर कॅरेज डावीकडे जाऊन आपली जागा शोधते, चक्र फिरून आपलं शून्य शोधतं. कॅरेज मध्येच अडली आणि यंत्र पीप करून गप्प बसलं, तर लगेच सर्किट गेलं असं समजू नका. बहुतेक वेळा कॅरेजच्या दांडीवरचं ग्रीस गोंदासारखं झालेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं दांडी पुसा आणि शिलाई मशीनचं तेल बोटानं हलकं फिरवा. खोबरेल तेल मुळीच नको. नगरच्या थंडीत ते थिजतं, वर धूळ धरतं. प्लास्टिकला थिनर किंवा पेट्रोल लावलं, तर चक्राच्या पाकळ्या आणि झाकण दोन्ही जातील.

कळा दोन-दोनदा उमटत असतील किंवा दाबूनही दाद देत नसतील, तर टीव्हीचा रिमोट आठवा. कित्येक यंत्रांत आतली मांडणी तशीच, रबराखाली काळा कार्बनचा ठिपका. कापसाच्या बोळ्यानं अलगद पुसायचा. पॉलिश पेपर घासाल तर ठिपकाच निघून जाईल.

खरी अडचण रिबनची. कॅसेट प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि वर्षानुवर्षं बंद डब्यातही वाळते. तपासणीपुरता एक जुगाड सांगतो. कोऱ्या कागदावर काळी बाजू खाली करून कार्बन पेपर ठेवा, वर पातळ कागद घाला आणि रिबनशिवाय टाइप करा. खालच्या कागदावर अक्षर उमटलं की चक्र आणि हातोडी ठीक आहेत. कार्बन फिल्मची जुनी कॅसेट मात्र जपून हाताळा. त्या फिल्मवर टाइप झालेलं प्रत्येक अक्षर पुसट भोकासारखं राहतं, ओळ लावली तर वाचता येतं. माझ्या यंत्रातल्या पट्टीवर कुणाच्या तरी थकबाकीच्या नोटिसा होत्या. मी चार शब्दांनंतर वाचणं थांबवलं आणि पट्टी कापून टाकली. तुम्हीही तसंच करा, दुसऱ्याचं कर्ज ते.

‘अँटिक म्हणून हजारोंना जाईल’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. याचा खरा उपयोग वेगळा. लिफाफ्यावर पत्ता, बरण्यांना लेबलं, छापील फॉर्मच्या चौकटी भरणं, हे संगणक आणि प्रिंटरपेक्षा इथे चटकन होतं. शिवाय आठवी-नववीतल्या पोराला मोटर, सोलेनॉइड, सेन्सर एकाच पेटीत हाताळायला मिळतात. विकतच्या खेळण्यांच्या किटपेक्षा ते मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि प्रयत्न करूनही उठलंच नाही, तर? इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर कायद्यानं ई-कचऱ्यात मोडतं. गल्लीत तारा जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती देऊ नका. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाऊ द्या. मात्र त्याआधी डेझी व्हील, रिबनची कॅसेट, पट्टा, रूळ काढून ठेवा. गावात दुसऱ्या कुणाचं अर्धमेलं यंत्र असेल. बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मालकांनीही कपाटं एकदा उघडावीत. टंकलेखनाच्या परीक्षा आता संगणकावर होतात, त्यामुळे ते सुटं सामान तुमच्याकडे नुसतं पडून आहे.

यंत्र चाललं, तर पहिल्या कागदावर तारीख घालून काय काय पुसलं, काय बदललं ते टाइप करा आणि तळाशी आतून चिकटवा. शेवटी एखादा स्क्रू हमखास उरतो. तोही पुडीत बांधून तिथेच ठेवा.