एका वर्षाचा शेरा

कर्मचाऱ्याचे काम दरवर्षी सारखेच उतरते, हे गृहीत धरूनच बढतीचे निकष आखले जातात. सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्याच्या गोपनीय अहवालात १९९३-९४ या एकाच वर्षी ‘खूप चांगला’ऐवजी ‘चांगला’ असा शेरा पडला. पाचही वर्षे ‘खूप चांगला’ हवा असल्याने त्याची बढती हुकली. शेरा त्याला कळविलाही नव्हता. प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. तथापि मूळ प्रश्न उरतोच. बदली, आजारपण, नवा वरिष्ठ यांमुळे एखादे वर्ष उणे पडणे स्वाभाविक आहे. अनेक वर्षांच्या सरासरीतून कर्तृत्व दिसते. एका वर्षातून बहुधा परिस्थितीच दिसते. हा भेद न जाणणारे मूल्यमापन काटेकोर असेल, न्याय्य नव्हे.